लाझारच्या शनिवारी दारात येणारी गाणी (मुक्काम पोस्ट उत्तर मॅसेडोनिया)

ओसरी

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षं झाली, आमचं बिऱ्हाड उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येला आहे. मदर तेरेसांचं जन्मगाव म्हटलं की आपल्याकडच्यांची ट्यूब पेटते. एरवी 'मेक्सिको का गं?' असंच विचारतात.

आधी भाषेचा एक गोंधळ निस्तरते. इथे 'बाबा' म्हणजे आजी. आजोबा 'देदो', वडील 'तात्को'. आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली बाबा म्हणते, मीही म्हणते. तेव्हा खाली जिथे जिथे बाबा येतील तिथे डोक्याला रुमाल बांधलेली, सत्तरी ओलांडलेली बाई डोळ्यांपुढे आणावी. दाढी नको.

या बाबांचं माहेर देशाच्या पूर्व भागात, डोंगरातल्या एका लहान गावात. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या मला तिकडे घेऊन गेल्या. म्हणाल्या, लाझारचा शनिवार आहे, चल.

ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या रविवारी इथे 'त्स्वेतनित्सी' असते, म्हणजे फुलांचा सण. त्याच्याही आदल्या दिवशी लाझारचा शनिवार. त्या वर्षी तो १२ एप्रिलला आला. येशूने मेलेल्या लाझारला उठवलं त्याची ही आठवण. चर्चच्या लेखी तेवढंच. गावाच्या लेखी मात्र हा दिवस लाझार्कींचा. लाझार्की म्हणजे लग्नाआधीच्या वयाच्या मुली. घरातली सगळ्यात चांगली भरतकामाची कापडं अंगावर, डोक्यात फुलं, हातात टोपली. अशा चार-सहा जणी मिळून घरोघरी जाणार, अंगणात उभ्या राहून गाणार आणि अंडी घेऊन पुढच्या घरी. तीच अंडी पुढे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी लाल रंगवायची. पहिलं लाल अंडं देवाच्या तसबिरीपाशी वर्षभर ठेवतात.

वाद्य एकही नाही. गाइदा (कातडी पिशवीची मुरली म्हणा) आणि तापान (मोठा ढोल) ही पुरुषांची वाद्यं. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू असतो, त्यामुळे ती खुंटीला. नाच बंद, लग्नं बंद. या सगळ्या मुक्या दिवसांत फक्त मुलींचे गळे तेवढे मोकळे.

आता ज्यासाठी धागा काढला ते. मला वाटायचं, लाझार्कींचं एक गाणं असेल, ते दर दारात म्हणत असतील. तसं नसतं. अंगणात शिरल्यावर पहिला प्रश्न: घरात कोण कोण आहे? पाळण्यात बाळ असेल तर त्याचं गाणं वेगळं. लग्नाची मुलगी असेल तर तिचं वेगळं, मुलगा असेल तर त्याचं वेगळं. नवी सून, घरधनी, मेंढपाळ, अगदी गावचा पाद्री, प्रत्येकाचं आपापलं. म्हणजे लाझार्की होणाऱ्या मुलीला नुसती चाल येऊन भागत नाही, सगळं गाव पाठ असावं लागतं. कुणाकडे बाळ झालं, कुणाची सोयरीक मोडली, कुणाकडे यंदा मयत झालंय म्हणून गायचंच नाही.

आम्ही गेलो त्या गावात मुलीच उरलेल्या नाहीत. शाळा बंद पडलेली, तरुण माणसं स्कोप्येला नाहीतर जर्मनीत. गायला निघाल्या त्या चार बाबा. सगळ्यात धाकटी ६८ ची. टोपली धरायला एक नातवंड, तेही सुट्टीला आलेलं. नियमाने बघितलं तर लग्न झालेल्या बाईने लाझार्की व्हायचं नसतं. त्यावर आमच्या बाबा म्हणाल्या, "नवरा गेला, मुलं गेली, आता आम्ही परत मुलीच."

अकरा घरं झाली. उघडी होती तेवढीच. शेवटी आमच्या बाबांच्या माहेरच्या घरी आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? बाबांनी सांगितलं, भारतातली, नवरा शहरात, मुलगी पुण्यात शिकते. चौघींची तिथेच अंगणात बैठक बसली. पाहुणीचं गाणं नाही. लग्नाच्या मुलीचं म्हणावं तर मुलगी इथे नाही. दोघी म्हणाल्या घरधनिणीचं म्हणू या, पण घर माझं नाही! पाच मिनिटं वाद चालला. एवढं मनावर घेऊन माझ्यासाठी कुणी कधी गाणं निवडलेलं नाही. अखेर परगावी गेलेल्या माणसाचं गाणं म्हटलं, मुलीला उद्देशून.

स्कोप्येच्या सभागृहात हाच प्रकार मी आधी ऐकला होता. उत्तम कपडे, उत्तम सूर, ओळीत उभ्या बारा मुली. आवडलंही होतं. या अंगणातून परत आल्यावर कळलं की तिथे काय खटकत होतं: ते गाणं कुणाला उद्देशून नव्हतं. समोर चारशे माणसं आणि गाणं पाळण्यातल्या बाळाचं.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

---

तिरपागडा

लेख आवडला. पण थोडं तिरकं बोलू का? घरोघरी जाऊन गायचं आणि अंडी घ्यायची. आपल्याकडे वासुदेव हेच करतो, आपण त्याला दान म्हणतो, आणि शहरात आता तेही कुणी म्हणत नाही. इकडची ती भिक्षा आणि तिकडची ती संस्कृती असं तर नाही ना?

दुसरं, यूट्यूबवर शोधून ऐकलं. कानात गेलं अगदी. दोन बायका एकमेकींशी भांडत गातायत असं वाटलं.

---

षड्जपंचम

तिरपागडाराव, 'भांडत' हा शब्द तुम्ही नकळत बरोबर वापरलात.

त्या गायकीत एक आवाज चाल सांगतो आणि बाकीच्या एकच स्वर धरून ठेवतात. आपल्या तानपुऱ्यासारखा, पण गळ्याने. फरक असा की आपला तानपुरा षड्ज-पंचम देतो, कान निवतो. तिथे चालीचा आवाज धरलेल्या स्वराच्या अगदी अंगाला येऊन थांबतो. हार्मोनियमवर सा आणि शुद्ध रे एकदम दाबून धरा, कधी सा आणि कोमल रे. आपण म्हणू बेसूर. त्यांना नेमकं तेच हवं असतं. दोन आवाज इतके जवळ आले की हवेत कंप सुटतो, घंटेसारखा. तो साधला नाही तर गाणं जमलं नाही म्हणतात.

शिवाय चाल चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाही. आवाज उघडा, छातीतून काढलेला, कारण गायचं उघड्यावर. ओळ संपताना आवाज एकदम वर फेकतात, त्याला आपल्याकडे शब्द नाही. शेतातून हाळी घालताना शेवट जसा उडतो तसा.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात तो कंप मरतो आणि नुसता कर्कशपणा उरतो.

अवांतर: पश्चिमेकडच्या दोल्नी पोलोग भागातल्या पुरुषांच्या दुहेरी गायनाला युनेस्कोने २०१५ साली तातडीने जपायच्या यादीत घेतलं. बायकांचं दुहेरी गाणं मात्र देशाच्या इतरही भागांत आहे.

---

ओसरी

@षड्जपंचम, फार छान सांगितलंत. त्या चौघींत दोघी चाल म्हणत होत्या, दोघी सूर धरत होत्या, आणि कडवं झालं की कामं बदलत होत्या. मला वाटलं दम लागतो म्हणून. थोडं ते होतंच म्हणा.

@तिरपागडा, भिक्षेचं म्हणाल तर एक फरक आहे. वासुदेवाची एक जात, एक परंपरा असते. लाझार्की म्हणजे त्याच गावच्या, बऱ्या-वाईट सगळ्या घरांतल्या मुली. श्रीमंताची मुलगीसुद्धा गरिबाच्या दारात गाऊन अंडं घेणार. अंडं नाकारणं हा घरच्यांना अपशकुन, मुलींना नव्हे. पण तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. हल्ली काही ठिकाणी रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) बायका-मुली लाझार्की म्हणून हिंडतात आणि तिथे लोकांची नजर लगेच बदलते. तेच गाणं, तीच टोपली, पण 'मागायला आल्या' असं म्हणतात. बघा, आपल्यासारखंच.

---

माणदेशी गडी

ताई, तिकडं पावसासाठी काय करत्यात का? आमच्याकडं धोंडी काढायचे. ल्हान पोराला आख्खा कडुलिंबाचा पाला गुंडाळायचा, मुसळाला बेडूक बांधायचा, आन् घरोघर पाणी वतून घ्यायचं. मी स्वतः दोन वर्षं धोंडी झालोय. थंडीनं काकडायचो, पण भाकरी-चटणी भरपूर मिळायची.

---

ओसरी

गडीभाऊ, हे वाचून मी खुर्चीतून उठले! कारण इकडे अगदी हेच. नाव 'दोदोले', मॅसेडोनियात बऱ्याच ठिकाणी 'वायदुदुले'. वसंत संपता संपता पाऊस ओढ देऊ लागला की एका मुलीला, शक्यतो पोरक्या मुलीला, पायापासून डोक्यापर्यंत हिरव्या डहाळ्यांनी मढवायचं. ती दारोदार नाचणार, बाकीच्या मुली पावसाला आळवणार, आणि घरधनीण तिच्यावर घागरभर पाणी ओतणार. मग पीठ, चीज, अंडी. बेडूक नाही, पण पाला, पाणी, पोर आणि शिधा सगळं तेच.

आमच्या बाबांना मी तुमचा कडुलिंब सांगितला. त्यांचा प्रश्न: तुमच्याकडे मुलगी का नाही? मुलग्याचं ऐकतो का पाऊस?

---

माणदेशी गडी

कधी कधी नाय ऐकायचा 😄 त्यांना सांगा.

---

उंबरठा

आम्ही तीन वर्षं बल्गेरियात, प्लोवदिवला होतो. तिथेही हेच सगळं आहे, नाव 'लाझारकी', आणि तिथले लोक ते आपलंच असल्याचं ठासून सांगतात. तिथे एक समजूत ऐकली होती: जी मुलगी लाझारकी झाली नाही तिला 'झ्मेय', म्हणजे उडता नाग, पळवून नेतो. आणि जी झाली ती लग्नाची झाली असं गाव मानतं. म्हणजे एका अर्थी हा मुलींचा संस्कारच.

मग नेमकं कुणाचं? मॅसेडोनियाचं की बल्गेरियाचं?

---

ओसरी

@उंबरठा, तो वाद या धाग्यावर नको, हात जोडते. दोन्ही देशांत त्यावर मंत्री भांडतात. एकच गोष्ट सांगते. स्त्रुगा गावचे दिमितार आणि कोन्स्तान्तिन मिलादिनोव हे भाऊ गावोगाव हिंडून लोकगीतं उतरवून घेत. त्यांचा संग्रह १८६१ साली झाग्रेबला छापला गेला. बिशप श्ट्रोसमायर यांनी पैशाची बाजू सांभाळली. त्यात लाझारची गाणीही आहेत. मुखपृष्ठावर 'बल्गेरियन' हा शब्द आहे, आणि आजतागायत त्या एका शब्दावर रणं माजतात. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८६२ मध्ये, दोघे भाऊ इस्तंबूलच्या तुरुंगात मेले. कुठल्या देशाचं म्हणून भांडणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना ती गाणी सांगणाऱ्या बायका कोण होत्या हे सहसा कुणी विचारत नाही.

(जाता जाता: त्याच स्त्रुगा गावात दरवर्षी मोठा कविता महोत्सव भरतो. त्याचा सुवर्णमुकुट १९८३ साली हिंदी कवी अज्ञेय यांना मिळाला होता.)

---

सडेतोड सुमन

सगळ्यांचं कौतुक चालू आहे, मी जरा पाणी ओतते. बाळाचं गाणं, सुनेचं गाणं, लग्नाच्या मुलीचं, लग्नाच्या मुलाचं. सगळं फिरून लग्नापाशीच! उत्तम कपडे घालून मुलींना गावभर फिरवायचं, म्हणजे सासवांनी बघून ठेवायचं. याला वसंतोत्सव म्हणा की स्थळं बघणं. आपल्या भोंडल्याचंही आम्ही असंच गोडवे गात बसतो, गाण्यांत सासूचा जाच असतो ते विसरून.

---

ओसरी

सुमनताई, अगदी मान्य. स्थळं बघणं हा त्यातला मोठा भाग होताच, बाबा स्वतः सांगतात. त्यांच्या सासूने त्यांना टोपलीसकटच पसंत केलं होतं.

पण बाबांनी त्या दिवसाचं वर्णन केलं ते असं: "वर्षात एक दिवस भावाला न विचारता मी घराबाहेर असायचे." एरवी विहिरीवर जायचं तरी कुणीतरी सोबत. त्या दिवशी कुणाच्याही अंगणात जाऊन, त्या घरच्या पुरुषाकडे बघत, गळा फाडून गायचं. तो मान खाली घालून ऐकणार. गाण्यात थोडी चेष्टाही चालते. कंजूष घरासाठी वेगळी ओळ असते आणि ती कंजुषाला कळते!

आणि लग्न झालं की हा हक्क संपला. टोपली धाकटीकडे. बाबा पाच वर्षं लाझार्की होत्या. नंतर पन्नासेक वर्षं त्यांनी ही गाणी स्वतः म्हटली नाहीत, फक्त ऐकली. गायला परत सुरुवात केली ती गावात मुली उरल्या नाहीत म्हणून. यात आनंद मानायचा की आणखी काय, मला ठरवता आलेलं नाही.

---

कातरवेळ

वाचनखूण साठवली. रोमा लोकांचा उल्लेख आला म्हणून: त्यांचा 'एदेरलेझी' सण याच सुमाराला असतो ना? तो आणि हा एकच का? आणि ते मूळचे आपल्याकडचे हे कितपत खरं?

---

ओसरी

मूळ आपल्याकडचं हे भाषेवरून पक्कं आहे. स्कोप्येला शुतो ओरिझारी नावाची नगरपालिका आहे, तिथे रोमांची बहुसंख्या आणि रोमानी भाषेला कारभारात स्थान. पहिल्यांदा तिथल्या बाजारात गेले तेव्हा एक बाई पोराला ओरडत होती, त्यात 'पानी' ऐकलं आणि मी थबकलेच. नाकाला 'नाख', कानाला 'कान', आकडे 'दुय, त्रीन, श्तार, पांज'. तिला मी पाचापर्यंत आपले आकडे म्हणून दाखवले. तिने चार टोमॅटो जास्त घातले.

आता एदेरलेझी. तारीख ६ मे. त्याच दिवशी ऑर्थोडॉक्स लोकांचा ग्युर्ग्योवदेन, म्हणजे संत जॉर्जचा दिवस. जुन्या पंचांगात तो २३ एप्रिल, पण ते पंचांग आता १३ दिवस मागे आहे म्हणून ६ मे. ईस्टर पुढेमागे सरकतो, हा सरकत नाही. मेंढपाळांचं वर्ष इथून सुरू होतं. ग्युर्ग्योवदेनला मेंढ्या डोंगरावर चढवायच्या, ८ नोव्हेंबरच्या मित्रोवदेनला खाली आणायच्या. मेंढक्यांचे करारही या दोन तारखांचे.

बायकांचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. रानातून पाला-फुलं गोळा करायची, पाणी भरून आणायचं, त्या पाण्यात पाला-फुलं घालून भांडं रात्रभर उघड्यावर, झाडाखाली ठेवायचं. पहाटे घरातल्या सगळ्यांनी त्या पाण्याने तोंड धुवायचं. दारावर विलोच्या (वाळुंज हा आपला त्यातलाच) डहाळ्या. पहिली मेंढी पिळताना भांड्याला फुलांचा हार. आणि हिरव्या झाडाला झोपाळे! मुलीबाळी, म्हाताऱ्या सगळ्या बसणार आणि झोके घेत गाणार. आपली नागपंचमी आठवल्याशिवाय राहत नाही. काही गावांत त्या दिवशी माणसांना काट्यावर तोलतातही. मी काट्यावर चढायला ठाम नकार दिला.

रोमांकडेही विलो, वाहतं पाणी, कोकरू हे सगळं आहेच. पण त्यांचा सण जास्त मोठा, जास्त दिवसांचा आणि बँडबाजासकट. रोमांतले बरेच जण मुसलमान आहेत, तरी सण तोच.

---

षड्जपंचम

झोपाळ्यावरच्या गाण्यांची लय झोक्याची असते का? म्हणजे ओळ झोक्याबरोबर तुटते का?

---

ओसरी

मीही हेच शोधत होते, पण नाही. गाणाऱ्या बहुतेक खाली उभ्या असतात, झोक्यावर एकच जण. ओळ तिच्या श्वासाने नाही, खालच्यांच्या श्वासाने तुटते. आणि इथेही तेच: झोक्यावर जी बसली तिचं नाव गाण्यात. कधी बरोबर तिला आवडणाऱ्या मुलाचं नावही घालतात आणि मग ती उतरायला बघते.

---

उंबरठा

मार्तेनित्सा राहिली! १ मार्चला लाल-पांढरा दोरा बांधतात ती. आम्ही तीन वर्षं बांधली.

---

ओसरी

इथे तिला 'मार्तिन्का' म्हणतात. करकोचा किंवा पाकोळी दिसली की सोडायची आणि मोहरलेल्या झाडाला बांधायची. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. उत्तर मॅसेडोनिया, बल्गेरिया, रोमानिया आणि मोल्दोवा चौघांनी मिळून अर्ज केला होता. भांडणाऱ्यांना दोऱ्याने तरी एकत्र बांधलं.

आणखी एक. श्टिप शहरात २२ मार्चला 'चेत्र्से' (मला तर चैत्रच ऐकू येतो, पण शब्द चाळिसावरून आलाय). चाळीस हुतात्म्यांचा दिवस. लोक इसारच्या टेकडीवर चढतात, वाटेत चाळीस ओळखीच्यांना नमस्कार, चाळीस खडे, चाळीस फुलं किंवा डहाळ्या. वर गेल्यावर एकोणचाळीस खडे ब्रेगाल्नित्सा नदीकडे फेकायचे आणि चाळिसावा रात्री उशाखाली. हे २०१३ पासून यादीत आहे. माझे ओळखीचे तेरा झाले, बाकीच्या सत्तावीस अनोळखी लोकांना नमस्कार घातले.

---

तिरपागडा

हेडफोन लावून परत ऐकलं. तिसऱ्या वेळी कंप सापडला. षड्जपंचम, देणं लागतो.

ओसरीताई, एक राहिलं. तुमच्यासाठी गायल्या तेव्हा तुम्ही काय दिलंत?

---

ओसरी

अंडीच, पण स्कोप्येहून नेलेली, दुकानातली. त्यांच्यावर लाल शाईचा शिक्का असतो ना, तारीख-बिरीख. थोरल्या बाबांनी एकेक उचलून शिक्का वाचला, दोन टोपलीत टाकली आणि उरलेली मला परत दिली. म्हणाल्या, या दोन तुझ्या मुलीच्या नावाची, बाकीचं तू खा, हे गावच्या कोंबडीचं नाही.

मुलीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "मम्मी, गाण्यात माझं नाव होतं का?" होतं. 'अनघा' त्यांच्या तोंडी 'अनागा' झालं होतं.